ताठ मान

साहित्यशास्त्राचा पेपर शिकवायचा म्हटले की अ‍ॅरिस्टॉटलची ‘हॅमर्शिया’ टाळता येत नाही. शोकांतिकेचा नायक दुष्ट नसतो. त्याच्याकडून काहीतरी चुकते आणि त्या चुकण्यातून त्याचा सर्वनाश ओढवतो, एवढे विद्यार्थी परीक्षेपुरते नेटके लिहितात. मराठी समीक्षेने या संज्ञेला ‘प्रमाद’, ‘स्खलन’ असे प्रतिशब्द दिले. पण या शब्दाचे आणखी एक आयुष्य आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. नव्या कराराच्या ग्रीक संहितेत हाच शब्द पुन्हापुन्हा येतो आणि मराठी बायबल त्याचे भाषांतर ‘पाप’ असे करते. ईडिपसचा तो प्रमाद, आणि बापाचे घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाचे ते पाप. एकाच शब्दाच्या वाट्याला दोन भाषांतरे आली आणि पुढे ती एकमेकांना ओळखही देईनाशी झाली.

हिब्रूत जावे तर तिथेही हीच गंमत. जुन्या करारातील ‘शास्ते’ या पुस्तकात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरला तरी न चुकणारे असे ते होते. तिथे चुकण्यासाठी जे क्रियापद आले आहे, तेच इतरत्र पाप करण्यासाठी वापरलेले आढळते. मराठीला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. आपलाही नेम चुकतो, वाट चुकते. परंतु ‘चूक’ हा शब्द मराठीत फार हलका झाला. शुद्धलेखनाची चूक, बेरजेतली चूक. देव आणि माणूस यांच्या नात्याचा भार त्याच्यावर टाकणे कोणाही भाषांतरकाराला शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ‘पाप’ घेतला, आणि त्या शब्दाबरोबर त्याचा सगळा गोतावळाही घरात आला.

हा गोतावळा मोठा आहे. मराठीत पाप लागते, पाप चिकटते, पापाचा घडा भरतो, पाप फेडावे लागते, गंगेत धुतले जाते. चित्रगुप्ताच्या वहीत त्याची नोंद होते आणि समोरच्या रकान्यात पुण्य मांडलेले असते. नीट पाहिले तर यात दोनच चित्रे आहेत. एक हिशेबाचे, दुसरे डागाचे. दोन्ही चित्रांत पाप ही करणाऱ्यापासून वेगळी काढता येणारी वस्तू आहे. हिशेब चुकता होतो, डाग निघतो, आणि माणूस होता तसाच राहतो. ख्रिस्ती विचाराला नेमके हेच मान्य नाही.

आम्ही दोघी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकीकडे मध्ययुगीन वाङ्मय आणि दुसरीकडे साहित्यशास्त्र व आत्मचरित्र, अशी आमची वाटणी आहे. दोघीही ख्रिस्ती नाही. तरीही या प्रश्नात शिरणे आम्हांला भाग पडले, कारण १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरात आले आणि त्यानंतरचा ख्रिस्ती मराठीचा मोठा भाग याच मातीतला आहे. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना दर वर्षी कोणीतरी विचारतेच, की ना. वा. टिळकांनी असे कोणते पाप केले होते, ज्याची क्षमा मागायला ते धर्म सोडून गेले? प्रश्न अगदी रास्त आहे. टिळक कवी होते, उदार होते, दारी आलेल्याला घासातला घास देणारे होते. वहीतल्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्या खात्यावर शिल्लकच निघाली असती.

उत्तराकडे जाण्याची एक वाट त्याच पुस्तकात आहे, पण ती टिळकांकडून निघत नाही, लक्ष्मीबाईंच्या माहेरून निघते. तिच्या वडिलांना सोवळ्याचे पराकोटीचे वेड होते. जे जे बाहेरून घरात येई ते धुवून घेण्याचा हव्यास, आणि त्यापायी साऱ्या घराची होणारी ससेहोलपट लक्ष्मीबाईंनी अशा काही मिस्कील निर्विकारपणे सांगितली आहे, की वर्गात हशा पिकतो आणि मग हळूहळू शांतता पसरते. हे प्रकरण शिकवून झाले की आम्ही मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाकडे वळतो. तिथेही हातपाय आणि भांडीकुंडी धुण्यावरूनच वाद पेटलेला आहे. येशूचे शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात म्हणून शास्त्री-परूशी आक्षेप घेतात, आणि येशू सांगतो की बाहेरून पोटात जाणारे काहीही माणसाला विटाळत नाही. विटाळते ते आतून, अंतःकरणातून बाहेर येते. एका वाक्यात पापाची दिशाच उलटी झाली. डाग बाहेरून आत येत असेल तर तो धुता येतो. झराच गढूळ असेल तर घागर घासून काय उपयोग?

इथे ‘अंतःकरण’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपण हृदय म्हटले की भावना डोळ्यांसमोर येतात. हिब्रूत हृदय हे विचार करण्याचे आणि ठरवण्याचे ठिकाण आहे. भावनाही त्यात येतात, पण मुख्य काम निश्चय करण्याचे. त्यामुळे मन देवाला विरोध करते असे बायबल म्हणते तेव्हा एखादी वासना उसळली एवढाच त्याचा अर्थ होत नाही. माणसाचा कल, त्याचे वळणच दुसरीकडे आहे, असा तो अर्थ. परत येणे, वळणे या अर्थाचे एक हिब्रू क्रियापद संदेष्ट्यांच्या तोंडी सतत असते आणि मराठी बायबलात बहुधा ते ‘वळणे’ किंवा ‘फिरणे’ असेच उतरले आहे. नव्या करारात त्या जागी जो शब्द येतो त्याचे भाषांतर मात्र ‘पश्चात्ताप’ झाले. पश्चात्ताप हा झाल्या गोष्टीचा ताप. तो मागे पाहतो. वळणाऱ्या माणसाला पुढे पाहावे लागते.

मराठीने या साऱ्यासाठी एक अस्सल वाक्प्रचार केव्हाच घडवून ठेवला आहे, आणि त्याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. कळते पण वळत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल जे तळमळून सांगतो, की जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते, ते मराठीत चार शब्दांत बसते. परंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातलेला एक प्रसिद्ध श्लोकही हेच म्हणतो: धर्म जाणतो, पण तिकडे प्रवृत्ती होत नाही. मात्र दुर्योधन पुढे सांगतो की हृदयात बसलेला कोणी देव जसे करवतो तसे मी करतो. पळवाट म्हणून ही सुंदर आहे. चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनपुढे अशीच एक पळवाट होती. तो काही वर्षे मानी पंथात होता आणि त्या पंथाच्या मते माणसाच्या आत प्रकाशाचा अंश आणि अंधाराचा अंश असे दोन वेगळे रहिवासी नांदतात. वाईट करतो तो दुसरा. ऑगस्टीनने ही सोय नाकारली. हवे असणारा मीच आणि नको असणाराही मीच, हे त्याने आपल्या ‘कबुलीजबाबां’त जितक्या बारकाईने लिहिले तितके त्याच्याआधी क्वचितच कोणी लिहिले असेल.

या माणसाविषयी आम्हांला थोडी व्यावसायिक आपुलकी आहे, कारण तो आमच्याच धंद्यातला. उत्तर आफ्रिकेत जन्मलेला, मिलानला वक्तृत्वशास्त्राचा सरकारी अध्यापक. ३८६ साली बागेत त्याच्या मनाची शेवटची झटापट झाली, नोकरी सोडायचा निश्चय झाला, आणि तरीही त्याने द्राक्षांच्या हंगामाची सुट्टी लागेपर्यंत वीसेक दिवस वर्ग घेतले! सत्राच्या मध्यावर राजीनामा देऊन गाजावाजा करायचा नव्हता, असे त्याचे कारण. त्याआधीची कित्येक वर्षे तो देवाकडे शुद्धतेचे दान मागत होता आणि ते लगेच देऊ नये अशी पुस्तीही जोडत होता. याला विरोध म्हणावे की चालढकल? ऑगस्टीनच्या मते विरोधाचे सर्वांत सभ्य रूप म्हणजे चालढकलच.

पण त्याच्या पुस्तकातला सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग पेअरच्या चोरीचा. वय सोळा. उनाड मित्रांबरोबर त्याने रात्री शेजाऱ्याच्या झाडावरची फळे ओरबाडली. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. बहुतेक फळे डुकरांपुढे फेकली. एवढ्याशा गोष्टीवर त्याने पानेच्या पाने खर्च केली आहेत आणि वाचणाऱ्याला पहिल्यांदा हसू येते. विद्यार्थ्यांना तर येतेच. आमच्याकडे आंबे, बोरे, ऊस न चोरलेला मुलगा वर्गात सापडायचा नाही. तथापि ऑगस्टीनला छळणारी गोष्ट फळांची नाही. कशासाठी केले, या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही, हे त्याला छळते. लोभाने केले असते तर समजले असते. वाईट आहे, मना केलेले आहे, एवढ्यासाठीच ते केले. आणि एकटा असतो तर केले नसते, चारचौघांत लाज वाटू नये म्हणून केले. हिशेबाच्या वहीत हे पाप चार आण्यांचे. वळणाच्या दृष्टीने पाहिले तर सगळा माणूस त्यात दिसतो. पुढे हजार वर्षांनी मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना (१५१५-१६) माणसाचे वर्णन स्वतःकडेच वाकलेला, आतल्या आत वळलेला असे केले, त्याचे बीज इथे आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे मराठीत हाच पेच होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवीत लिहिलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. आदामाच्या पतनाची कथा सांगायला त्यांच्याजवळ शब्द होते ते पुराणिकांचे: पाप, मोक्ष, वैकुंठ. ‘आदिपाप’, ‘मूळपाप’, ‘जन्मपाप’ असे शब्द ख्रिस्ती मराठीत रुळले, पण पापाला ‘मूळ’ असते ही कल्पना हिशेबाच्या चित्रात बसत नाही. बाळाने अजून काहीच केले नाही, तर त्याच्या नावे नोंद कसली? कर्मविपाकात वाढलेला वाचक पूर्वजन्म आठवून ही रिकामी जागा भरतो, आणि तिथेच अर्थ निसटतो. मूळपाप म्हणजे मागील बाकी नव्हे. झाड ज्या बाजूला कलून वाढते तो कल.

या बाबतीत पुराणिकांपेक्षा वारकरी संत ख्रिस्ती विचाराला कितीतरी जवळचे आहेत. तुकोबा आपल्या पतितपणाचा उच्चार करतात तेव्हा ते कृत्यांची यादी देत नाहीत. आवरत नाही ते मन आणि जात नाही तो अहंभाव, याविषयी ते विठ्ठलाशी भांडतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो अशी टिळकांची भावना होती, ती उगीच नव्हे. १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन धरले, आणि बाप्तिस्मा झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईत. मधली दोन वर्षे कळले होते पण वळले नव्हते, असे म्हणायला हरकत नाही. अर्थात लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक बाप्तिस्म्यानंतरही तितकेच शीघ्रकोपी, तितकेच विसराळू आणि पैशाच्या बाबतीत तितकेच बेफिकीर आहेत. क्षमा मिळालेला माणूस एकाच वेळी पापीही असतो, हे ल्यूथरला विद्यापीठात व्याख्याने देऊन पटवावे लागले. लक्ष्मीबाईंना ते घरबसल्या दिसत होते.

तर टिळकांनी कोणते पाप केले होते, या प्रश्नाचे उत्तर असे की प्रश्नच वहीतला आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दोन कथा इथे आठवतात. मंदिरात उभा राहून उपासतापास आणि दशांश दानाची जंत्री देवाला ऐकवणारा परूशी, आणि उधळ्या भावाच्या स्वागताला घरात न येता अंगणात रुसून बसलेला थोरला मुलगा. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांच्याही खात्यावर भरपूर शिल्लक आहे. आणि दोघेही देवापासून लांब आहेत ते त्या शिलकीमुळेच. दुर्गुणाला निदान स्वतःची लाज वाटते. सद्गुणाआड लपलेला विरोध स्वतःला विरोध म्हणून ओळखतच नाही. ख्रिस्ती पापविचारातला आम्हांला सर्वांत खरा वाटणारा, आणि सर्वांत गैरसोयीचा, भाग हाच आहे. शिक्षकी पेशात तर त्याचे दर्शन स्टाफरूममध्ये रोज घडते, पण ते असो.

आमच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याच्या आई शेतात आयुष्य काढलेल्या. त्यांना एकदा आम्ही हे सगळे ऑगस्टीन-ल्यूथर सांगत होतो. त्या ऐकून म्हणाल्या, “अहो बाई, बैल काही वाईट नसतो. मानेला जू लागू देत नाही, एवढंच.” बायबलातला शब्द त्यांनी नकळत मूळ जागी नेऊन ठेवला होता. देवाचे न ऐकणाऱ्या इस्राएल लोकांना निर्गम ग्रंथात ‘ताठ मानेचे’ म्हटले आहे, आणि ती प्रतिमा जुवाखाली मान न देणाऱ्या जनावरावरून आलेली मानतात.

आता या दोन शब्दांनी एकदा आमच्या वर्गात जे केले ते सांगायला हवे. आत्मचरित्राच्या तासाला विषयाच्या ओघात हा उल्लेख निघाला आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, माझ्या पणजोबांना गावात मान वर करून चालायची बंदी होती. आमच्या घरात ताठ मान मिळवायला तीन पिढ्या गेल्या. आणि हे पुस्तक ताठ मानेलाच पाप म्हणतं?”

वर्गात कोणी काही बोलले नाही. मराठीत ताठ मानेने जगणे ही गौरवाची गोष्ट आहे. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने, विशेषतः दलितांनी आणि स्त्रियांनी, ती किंमत मोजून मिळवलेली आहे. ज्याची मान शतकानुशतके दुसऱ्याने वाकवली, त्याला नम्रतेचा उपदेश करणारा धर्म हा त्या वाकवणाऱ्याचा मदतनीस ठरत नाही काय? हा प्रश्न एकट्या त्या मुलीचा नाही. व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकी अभ्यासिकेने १९६० सालच्या एका निबंधात हेच बोट ठेवले होते. अहंकार, सत्तेची हाव, स्वतःला केंद्रस्थानी मांडणे हे पापाचे मूळ, असे सांगणारे धर्मशास्त्र पुरुषांनी आपल्या अनुभवावरून लिहिले. स्त्रीला ज्याचा मोह पडतो ते बहुधा याच्या उलट असते: स्वतःला पुसून टाकणे, दुसऱ्यांच्या गरजांत विरून जाणे, स्वतःचे असे केंद्रच नसणे. तिला आणखी नमते घे म्हणून सांगणे म्हणजे रोगावर रोगच पाजणे.

आम्ही त्या दिवशी वर्गात निर्गम ग्रंथ पहिल्यापासून उघडला. त्यात एक क्रम आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ताठ मानेचे म्हटलेले लोक कोण? मिसरातल्या दास्यातून नुकतेच सुटलेले. पण दास्यात असताना त्यांना कोणी पापी म्हटले नाही. त्यांनी आक्रोश केला आणि देवाने तो ऐकला, इतकेच तिथे लिहिलेले आहे. आधी पाप कबूल करा मग सोडवतो, अशी अट नाही. त्या अध्यायांत कठीण मन आहे ते फारोचे. एकामागून एक पीडा येतात, तो अनेकदा वाकल्यासारखा करतो आणि पीडा सरली की पुन्हा कठीण होतो. हिब्रूत त्याच्या मनाला ‘जड’ असेही म्हटले आहे. मेलेल्याचे हृदय तराजूत पिसाशी तोलून पाहणाऱ्या मिसरी लोकांच्या राजाविषयी हा शब्द वापरण्यात लेखकाचा काही खवचटपणा असावा, अशी आमची आपली शंका आहे. ताठ मानेची गोष्ट येते ती यानंतर, समुद्र ओलांडल्यावर, मानेवर फारोचे जू उरलेले नसताना, सोन्याचे वासरू करून त्यापुढे नाचणाऱ्यांविषयी. मान सोडवली जाते आधी. ती कोणाकडे वळते हा प्रश्न पुढचा.

संदेष्ट्यांच्या कथांतही आरोपाचा रोख सहसा खालून वर असतो. दावीद राजाला तू पापी आहेस म्हणून तोंडावर सांगणारा नाथान सत्ताहीन आहे. येशूचे कठोर शब्द राखून ठेवलेले दिसतात ते धर्माच्या अधिकाऱ्यांसाठी. ख्रिस्ती सत्तेने पुढे अनेकदा हा रोख उलटा केला, वरून खाली. गोव्यातले धर्मन्यायासन, मिशनांचा रुबाब, चर्चमध्ये शिरलेली जातीची उतरंड, हे सारे त्याचे पुरावे आहेत आणि मुलीच्या प्रश्नातला राग त्यांच्यापुढे योग्यच आहे.

या गुंत्यात सर्वांत पुढे जाऊन उभी राहिलेली व्यक्ती आपल्या मराठीतलीच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची तीनेक वर्षे त्यांचा तिथल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार आता छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तो वाचताना ‘गर्व’ हा शब्द किती सहज फेकला जातो हे लक्षात येते. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी शंका विचारतात, कोणते वचन कशावरून मानायचे ते विचारतात. आणि समोरून उत्तर येते ते बहुधा त्यांच्या मनाच्या उद्धटपणाविषयी, नम्रतेच्या अभावाविषयी. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या मागे हटल्या नाहीत. भारतातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे जू चढवून घेण्याची आपली इच्छा नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ मध्ये सिस्टरना स्पष्ट लिहिले. पुन्हा जू, पुन्हा मान.

इथे थांबले असते तर रमाबाई म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर झाल्या असत्या: मान ताठ ठेवली, छान केले. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म आहे पण खुद्द ख्रिस्त नाही हे त्यांच्या ध्यानात आले. लक्षात घ्या, तेव्हा त्या काय करत होत्या. मुंबईला शारदासदन निघून ते पुण्याला आले होते, बालविधवा शिकत होत्या, टीका आणि निंदा झेलून काम चालले होते. पुण्याच्या वहीत इतकी मोठी शिल्लक त्या काळातल्या महाराष्ट्रात फार थोड्यांची असेल. आणि त्या बाईला वाटते की आपण अजून वळलेलोच नाही. हे आत्मताडन नाही. पत्रांतली रमाबाई आत्मताडन करणाऱ्यांतली नव्हे. बिशपांपुढे न वाकलेली मान होती तशीच राहिली. त्यानंतरही कोणत्या पंथाचे लेबल लावायचे यावरून त्यांना कोणी बांधून घेऊ शकले नाही. जे वळले ते दुसरीकडे, आत, जिथे कोणा सिस्टरची नजर पोचत नव्हती.

देवाला विरोध आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्याला विरोध या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे म्हणायला सोपे आहे. परंतु बहुतेक माणसे एकीच्या आड दुसरी लपवतात. धर्माधिकारी स्वतःला झालेला विरोध देवाच्या खात्यावर टाकतात. आणि आपल्यासारखे सुशिक्षित लोक पुरोहितशाहीला नकार दिला म्हणजे आत पाहण्याची जबाबदारीही संपली असे धरून चालतात. रमाबाईंनी दोन्ही गल्लत होऊ दिली नाही. त्यांनी हे कसे साधले, हे आम्हांला त्यांच्या साक्षीतून पूर्ण उलगडत नाही. ती साक्ष इतक्या साध्या, जवळजवळ रुक्ष भाषेत लिहिलेली आहे की वाङ्मयीन हत्यारे तिच्यावर चालत नाहीत.

त्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग मान कोणाची वाकली पाहिजे हे ठरवायचं कोणी, मॅडम?” पुढच्या आठवड्यात तिने ग्रंथालयातून रमाबाईंचे चरित्र नेले.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतले मोठे काम शब्दांचेच होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मसंकेतांनी लदलेली वाटत होती. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत ते सारे पुन्हा आणायचे म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. फारोचे कठीण मन, वासराभोवती नाचणाऱ्यांची मान, परूश्याची प्रार्थना, धाकट्या मुलाचे पाप, या प्रत्येकासाठी त्यांना केडगावला बसून मराठी शब्द निवडावा लागला असणार. मुक्तिसदनातल्या बायकांनी तिथल्याच छापखान्यात खिळे जुळवून ती पाने छापली. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. रमाबाई त्याच्या दोन वर्षे आधी गेल्या होत्या.